ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची

ट्रेनिंग संपल्यावर मला डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पोस्टिंग मिळाली. पोचलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. ट्रंक उतरवली, ऑफिसात रिपोर्ट केला. तिथून मला एमटी पार्कला पाठवलं. कंपनीच्या सगळ्या गाड्या जिथं ओळीनं उभ्या असतात, ती ही जागा. एका ट्रकखालून दोन बूट बाहेर आले होते. बुटांच्या मालकानं खालूनच विचारलं, "कौन?" मी नंबर, रँक, नाव सांगितलं. पुढचा प्रश्न आला, "जिला?" मी म्हणालो, बीड, गाँव धारूर.

बूट हलायचे थांबले. एक सडपातळ माणूस पाठीवर सरकत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"धारूरचा हायस? मग मघापासून हिंदी कावून झाडायलास बे?"

ते हवालदार बशीर. गाव मांजरसुंबा. वडील गफूर मिस्त्री, त्यांचं फाट्याजवळ ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. फौजेत शिपाई हवालदाराला उस्ताद म्हणतो. मीही त्यांना उस्तादच म्हणायचो, इथंही तेच म्हणणार आहे.

हे लिहायचं कारण एक ओळ आहे. चौकशीच्या अहवालात असं लिहिलंय की हवालदार बशीर यांचा मृत्यू स्वतःच्या निष्काळजी वाहन चालवण्यामुळे झाला. ही ओळ खोटी आहे. ती एकानं लिहिली, एकानं लिहून घेतली आणि एकानं लिहू दिली. तिघांनाही मी ओळखतो. मला ती ओळ खोडून पाहिजे, आणि तिघांची नावं बाहेर काढून खोडून पाहिजे. नुसती खोडली तर माझं समाधान होणार नाही.

सैन्यातून आल्यापासून मी बीडमध्ये माजी सैनिकांची पत्रकं लिहितो. पत्रकाला तीन गोष्टी लागतात: अन्याय काय, केला कुणी, मागणी काय. माणूस कसा होता ते लिहायला जागा नसते. इथं जागा आहे, तर आधी माणूस सांगतो. ज्याला मारलं तो कोण होता हेच ठाऊक नसलं तर हिशोब कशाचा मागायचा?

उस्ताद साडेचारला उठायचे. नमाज. थंडी कितीही असो, पाणी गोठलेलं असो, स्टोव्हवर मगभर पाणी कोमट करून हातपाय धुवायचे आणि ब्लँकेटच्या घडीवर उभे राहायचे. सहाला पार्कात हजर. फर्स्ट परेड म्हणजे रोज सकाळी प्रत्येक गाडीचं तेल, पाणी, हवा, ब्रेक बघणं. बाकीचे हवालदार शिपायाला विचारायचे, सब ठीक? उस्ताद विचारायचे नाहीत. स्वतः खाली झोपून बघायचे.

माझ्या आईनं त्यांना फोनवर एकदाच सांगितलं होतं की आमचा दत्ता सोमवार धरतो, तिथं कोण करतंय त्याचं. आम्ही शंकराचे भक्त, धारूरला किराणा दुकान, आई सोमवारी कडक. मी तिथं गेल्यावर सोमवार गुंडाळून ठेवला होता. उस्तादांनी तो उलगडला. दर सोमवारी लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, माझ्यासाठी साबुदाणा भिजलेला असायचा. मी एकदा म्हणालो, उस्ताद, राहू द्या, कुणाला कळतंय. ते म्हणाले, "मी रोजे ठिवतो ते कुणाला कळावं म्हणून ठिवतो का बे?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

छंद इतके की त्यांच्या पलंगाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सायकलच्या तारा घासून केलेल्या सुयांवर ते लोकरीच्या टोप्या विणायचे, नाजिया आणि सना या दोन मुलींसाठी. एक हरियाणवी ड्रायव्हर रोज छेडायचा, उस्ताद, एक मेरे लिए भी. उस्ताद टाका न चुकवता म्हणायचे, "टोपी को सिर लगता है बेटा." कंपनीतली बंद पडलेली सगळी घड्याळं त्यांच्याकडं यायची. गाड्यांचे नंबर तेच रंगवायचे, आणि त्यांचा आकडा लांबून ओळखू यायचा, कारण गॅरेजमध्ये बापाच्या हाताखाली त्यांनी ट्रकच्या पाट्या रंगवल्या होत्या. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत मेथी लावली होती. सुट्टीवर गेले की बालाघाटाच्या उतारावर सीताफळाची कलमं करायचे आणि परत आल्यावर किती धरली, किती मेली, याचा वृत्तान्त आम्हाला ऐकावा लागायचा.

शुक्रवारी दुपारी फोनची वेळ. पलंगावर बुलबुलतरंग मांडायचे, फोन उशीवर टेकवायचा आणि एक ओळ वाजवायची. मग गप्प. पलीकडं मांजरसुंब्यात नाजिया तीच ओळ पेटीवर वाजवायची. चुकली की उस्ताद पुन्हा वाजवायचे. सना मध्येच पेटीवर थापा मारायची आणि शमीमभाभी तिला ओढून न्यायच्या, ते सगळं आम्हाला ऐकू यायचं. अर्धा तास हेच चालायचं. बोलणं जवळपास नाहीच. मला वाटायचं, हा माणूस बायकोशी चार शब्द का बोलत नाही. एकदा विचारलं. म्हणाले, "ती ऐकायली ना. आणखी काय पायजे?"

देवमाणूस वगैरे नव्हते. कॅरममध्ये हरले की दोन दिवस तोंड फुगवून बसायचे. घोरायचे. आणि गाडीच्या बाबतीत इतके हट्टी की अधिकाऱ्यांना त्यांचा जाच व्हायचा.

त्या हट्टाची खूण म्हणजे लाल चिंधी.

मांजरसुंब्याच्या त्यांच्या गॅरेजातली ती रीत होती. गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नसली की गफूर मिस्त्री स्टेअरिंगला लाल चिंधी बांधायचे. मग मालक येवो, पुढारी येवो, पोलीस येवो, ती गाडी हलायची नाही. चिंधी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. त्यासाठी गाठही वेगळी होती. कुठल्याही टोकाला ओढली तरी घट्टच व्हायची. सोडायची ती आतून, एक फास मागं ढकलून, आणि तो फास कुठला हे घरच्यांनाच माहीत. उस्तादांनी ही रीत फौजेत आणली. रजिस्टरमध्ये गाडी अनफिट अशी नोंद करायचेच, वर चिंधीही बांधायचे. नोंद ऑफिसात राहते, चिंधी ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं राहते, असं त्यांचं म्हणणं.

मी ती गाठ शिकवा म्हणून मागं लागलो होतो. ते म्हणाले, "ज्या दिवशी एखादी गाडी तू सोताच्या तोंडानं न्हाई म्हणशील, त्या दिवशी शिकवतो."

ते आणखी एक गोष्ट नेहमी सांगायचे. गफूर मिस्त्रींनी तरुणपणी घाटात एक ब्रेक गेलेला ट्रक थांबवला होता. स्वतःचा ट्रक त्याच्या पुढं घातला, मागच्याचं नाक आपल्या पाठीला टेकू दिलं आणि दोन्ही गाड्यांचं ओझं एकाच ब्रेकवर घेत उतरवत आणलं. मी ही गोष्ट दहा वेळा ऐकली. दहाही वेळा मला ती बापाची बढाई वाटली.

आता त्या दिवसाकडं येतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी उस्ताद तीन नंबरच्या गाडीखालून बाहेर आले. ब्रेकचा होजपाइप चिरला होता, हवेचं प्रेशर धरत नव्हता. रजिस्टरमध्ये नोंद केली. मी शेजारी उभा होतो, मी ती नोंद डोळ्यांनी पाहिली. मग चिंधी बांधली. नवा पाइप वर्कशॉपमध्ये होता, चार किलोमीटर लांब. सकाळी आणू म्हणाले.

सकाळी सहा दहाला ते रेशनच्या गाडीत बसून वर्कशॉपला गेले. सहा पन्नासला आमचे सुभेदार साहेब पार्कात आले. खाली नदीकाठच्या हेलिपॅडवर मोठे साहेब उतरणार होते. स्वागताला जवान न्यायचे होते, तीन गाड्या भरून. तीन गाड्या उपलब्ध असं सुभेदारांनी आदल्या रात्री फोनवर कळवून टाकलं होतं. चिंधीची गाडी त्या तिनांतली.

सुभेदारांनी चिंधीकडं बघितलं. मला म्हणाले, "खोल."

मी सांगितलं की ब्रेकचा पाइप गेलाय, उस्ताद आणायला गेलेत, अर्ध्या तासात येतील.

"मैंने पूछा? खोल."

मी गाठ ओढली. घट्ट झाली. दुसरीकडून ओढली. आणखी घट्ट. मी म्हणालो, साब, ही फक्त उस्तादांनाच सुटते.

"तो काट. गाड़ी गिनती में है."

माझ्या खिशात चाकू होता. मी वीस वर्षांचा होतो, सुभेदार पंचेचाळीसचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तिथं दुसरं कुणी नव्हतं. 'नाही' म्हणायला एक शब्द लागतो, तेवढा माझ्याजवळ नव्हता. मी चिंधी कापली, जमिनीवर टाकली आणि स्टेअरिंगवर बसलो. लिहू देणारा तिसरा कोण, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. अजून पूर्ण आलं नसेल. पुढं वाचा.

सात पंधराला कॉन्व्हॉय सुटला. पुढं सुभेदारांची जिप्सी, मागं तीन ट्रक, मी शेवटचा. मागं नऊ जवान, परेडच्या कपड्यांत, शेजारी सिग्नलचा ऑपरेटर वायरलेस सेट घेऊन. पहिले सहा किलोमीटर सपाट. मी ब्रेकला पाय लावून बघितला. लागला. मला वाटलं, उस्ताद उगाच घाबरवतात.

पुढचं मला गेटवरच्या संत्रीनं नंतर सांगितलं. सात वीसला उस्ताद परत आले; रेशनची गाडी त्यांना गेटवर सोडून पुढं गेली. हातात नवा पाइप. तीन नंबरची जागा रिकामी. चिंधी खाली पडलेली. ती त्यांनी उचलली, उलटीसुलटी बघितली, खिशात घातली. पाइप तिथंच टाकला. संत्रीच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला आणि पाण्यानं भरलेल्या टँकरवर चढले, कारण चावी लावून तयार अशी तीच एक गाडी होती.

सात एकतीसला उतार लागला. दुसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि पाय तळापर्यंत गेला. हँडब्रेक ओढला. गाडीनं दखल घेतली नाही. तिसऱ्या गिअरमध्ये होतो, दुसरा टाकायला गेलो, पडेना. ऑपरेटर माझ्याकडं बघत होता. मागं कुणीतरी गाणं म्हणत होतं.

टँकर तेवढ्यात वॉकीटॉकीच्या टप्प्यात आला असावा, कारण सेटवर आवाज आला. फौजेच्या रेडिओ नेटवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा, अस्सल मांजरसुंब्याचा.

"दत्ता, बशीर बोलतो. ब्रेक मारू नको, हाय तेवढी हवा संपल. दुसऱ्यात टाक."

ऑपरेटरनं माइक माझ्या तोंडापुढं धरला. "पडत न्हाई, उस्ताद."

"मग हाय त्यातच ठिव. क्लचला पाय लावू नको. मी मागं हाय."

आरशात टँकर दिसला. मधेच सुभेदारांचा आवाज. नेटवर ही कुठली भाषा चाललीय, चॅनल खाली करो. उस्तादांनी उत्तर दिलं नाही. मग सुभेदारांनी पुढच्या दोन गाड्यांना वेग वाढवून रस्ता मोकळा करायला सांगितलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. मागं काय चाललंय हे त्या माणसाला सात तेहतीसला पूर्ण कळलं होतं, आणि तरी त्यांची जिप्सी थांबली नाही. हे मी लिहून ठेवतोय.

"दत्ता, म्होरं रस्ता रुंद हाय. तिथं डोंगराच्या बाजूला घे, मी बाहेरून जातो."

घेतलं. टँकर माझ्या उजव्या खिडकीजवळून गेला. मी उस्तादांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते.

"आता तुझं नाक माझ्या ढुंगणाला लागू दे. हळूच. गचका बसल. स्टेअरिंग सोडू नको."

पहिला धक्का बसला आणि ऑपरेटर काचेवर आदळला. मागचं गाणं बंद झालं. दुसरा धक्का हलका. तिसऱ्यानंतर दोन्ही गाड्या चिकटल्या. टँकरच्या चाकांतून धूर निघत होता, ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास माझ्या केबिनमध्ये भरला. वेग उतरत गेला. चाळीस. तीस. वीस. मी त्या वेळी रडत होतो, असं ऑपरेटर म्हणतो. मला आठवत नाही.

सात एकोणचाळीस. पुढं उलटं वळण, डोंगराच्या कडेला पाण्याची खोल नाली. उस्तादांनी खिडकीतून हात काढला आणि पंजानं दाखवलं: आत घाल.

सेटवर म्हणाले, "नालीत घाल. मी बाजूला होतो."

मी स्टेअरिंग झटक्यात डोंगराकडं फिरवलं. चाक नालीत गेलं, बंपर खडकावर घासत गेला आणि गाडी उभी राहिली. मला जागा करून द्यायला उस्ताद बाहेरच्या कडेला सरकले होते. बर्फ वितळून कड पोकळ झाली होती. टँकरची मागची दोन चाकं आधी गेली, मग टँकर गेला. आवाज फार मोठा नव्हता.

नऊ जवान आणि ऑपरेटर सगळे उतरले. एकाचा हात मोडला होता. मी उतारावरून खाली धावलो, घसरलो, डाव्या पायाचा घोटा फुटला. उरलेलं अंतर बसून उतरलो. उस्ताद टँकरपासून चार हात लांब पडले होते. श्वास चालू होता. मी हाक मारली. त्यांचे ओठ हलत होते, पण माझ्याशी नव्हते बोलत. आठ वाजून पाच मिनिटांनी ओठ थांबले.

मोठ्या साहेबांचं हेलिकॉप्टर ढगांमुळं आलंच नाही.

आता ओळ कशी लिहिली गेली ते सांगतो. मला हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सुभेदार सफरचंदं घेऊन आले. पलंगाच्या कडेला बसले, माझ्या पायावर हात ठेवला. आवाज मऊ. म्हणाले, गाडी तू चालवत होतास. चिंधी तू कापलीस. कोर्टमार्शल तुझं होईल, माझं नाही. मी तर म्हणेन मी तिथं नव्हतोच. बशीर गेला, त्याला आता काही फरक पडत नाही. तुझी आई आहे ना घरी?

चौकशीचे अध्यक्ष एक मेजर होते. एमटी पार्कात ते एकदाही आले नाहीत. रजिस्टर त्यांच्यापुढं आलं तेव्हा त्या तारखेच्या पानावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं आणि तीन नंबर फिट होती. उस्तादांचा आकडा ज्यानं एकदा बघितलाय तो ते पान एका नजरेत ओळखेल. मी ओळखलं. संत्रीची तोवर बदली झाली होती. मेजरांनी मला विचारलं, गाडीला अनफिटची काही खूण होती का?

मी म्हणालो, "नहीं सर. नहीं थी."

चार शब्द. उस्ताद कॉन्व्हॉयचा नियम मोडून ओव्हरटेक करत आले, दोन गाड्यांची टक्कर झाली, टँकर दरीत गेला. कागदावर एवढंच उरलं. सुभेदारांना त्या दिवशी जवानांचे प्राण वाचवण्यासाठी केलेल्या तत्पर समन्वयाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. हो, वाचवल्याबद्दल. मला मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं.

घरी आल्यावर काठी टेकत मांजरसुंब्याला गेलो. शमीमभाभींनी चहा ठेवला. गफूर मिस्त्रींनी फौजेनं पाठवलेली ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू चटईवर मांडली. बुलबुलतरंग. कलमाचा चाकू. घड्याळाची चाकं भरलेली डबी. तारेच्या सुयांवर अर्धी टोपी. शेवटी एका पाकिटात खिशात सापडलेल्या वस्तू, त्यात चिंधी. मिस्त्रींनी ती उजेडात धरली. गाठीवरून अंगठा फिरवला.

"गाठ जशीच्या तशी हाय. ही सोडलेली न्हाई, कापलेली हाय." मग माझ्याकडं बघून, "कुणी कापली?"

मी म्हणालो, "माहीत न्हाई, चाचा."

ते माझं दुसरं खोटं. पहिलं मी भीतीनं बोललो होतो. दुसऱ्याला सबब नाही.

त्यानंतर मी इतरांसाठी लढायला लागलो. अपंगत्वाचा दाखला अडवणारे डॉक्टर, विधवेला चकरा मारायला लावणारे कारकून, सगळ्यांवर पत्रकं काढली. लोक म्हणायचे, पोरगं लई आगीचं हाय. आग कुठली ते मला ठाऊक होतं. मी दुसऱ्यांच्या दारात ती पेटवत फिरत होतो, कारण माझ्या दारात पेटवायची हिंमत नव्हती.

मग दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. तालुक्यातल्या एका समितीनं शहिदांच्या नावांचा फलक करायला घेतला. उस्तादांचं नाव वगळलं. अहवाल निष्काळजीपणाचा आहे म्हणून, असं कारण दिलं. खाजगीत आणखीही काही बोलले, उस्तादांच्या धर्माबद्दल. तो बोलणारा माझ्या यादीत चौथा आहे. आणि नाजियाचं पत्र आलं. ती आता तेरा वर्षांची आहे. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझ्या बापानं गाडी दरीत घातली. पत्रात तिनं लिहिलं होतं: दत्ताचाचा, तुम्ही सगळ्यांची पत्रकं लिहिता. अब्बूंचं कधी लिहिणार?

मी तीन दिवस बसून प्रतिज्ञापत्र लिहिलं. चिंधी कुणी बांधली, कापायला कुणी सांगितलं, कापली कुणी, पान कुणी बदललं असणार, मेजरांपुढं खोटं कोण बोललं. वकील म्हणाले, यात तू स्वतःला अडकवतोयस, तेवढा भाग गाळू. मी म्हणालो, तेवढाच भाग खरा पुरावा आहे. ते सैनिकी न्यायाधिकरणात दाखल झालंय. त्या ऑपरेटरनंही जबाब दिलाय, आणि त्या नऊ जणांपैकी चौघांनी. बाकी पाच जणांना मी अजून पत्र लिहितोय. त्यांची पोरंबाळं मोठी होत आहेत. त्यांना विचारतोय, कुणामुळं?

दाखल करायच्या आधी एक काम होतं. मी मोटरसायकलवर मांजरसुंब्याला गेलो. दुपार होती, गॅरेजात एकच ट्रक. मिस्त्री खुर्चीवर बसून स्पॅनर पुसत होते. मी उभ्यानंच सगळं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. "मी कापली" इथं आलो तेव्हा त्यांचा हात थांबला. शमीमभाभी आतल्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. नाजिया तिथंच राहिली.

वाचून संपलं. मिस्त्री म्हणाले, "गाडी कोण चालवत व्हतं?"

"मीच, चाचा."

"म्हंजी माझा पोरगा तुझ्यासाठी गेला."

"हो."

मला वाटलं मारतील. मारावं असंही वाटत होतं. ते उठले, आत गेले आणि लाल कापडाची पट्टी घेऊन आले. माझ्या मोटरसायकलच्या हँडलला बांधली. मग नाजियाला हाक मारली. तिच्यापुढं गाठ हळूच सोडली, कुठला फास मागं ढकलायचा ते दाखवलं, पुन्हा बांधली. मी तोंड रस्त्याकडं फिरवलं. ती गाठ बघायचा मला हक्क नव्हता.

"ती ओळ खोडली की ये," मिस्त्री म्हणाले. "मी सोडतो. मी न्हाई राहिलो तर ही सोडल." आणि गाठीवर बोट ठेवून, "कापू नको."

चावी मी त्यांच्या हातात दिली आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो.

मोटरसायकल अजून तिथंच आहे, गॅरेजच्या पत्र्याखाली. टायरमधली हवा गेलीय. मी सगळीकडं एसटीनं जातो, एसटी नसली तर पायी, आणि माझा घोटा मला प्रत्येक पावलाला त्या दिवसाची वेळ सांगतो.

सुभेदार साहेब, तुमचं नाव इथं छापलेलं नाही. प्रतिज्ञापत्रात आहे, वडिलांच्या नावासकट, गावासकट. तुमच्या बैठकीच्या खोलीत ते प्रशस्तिपत्र चौकटीत लावलंय, हे मला तुमच्याच गावच्या एका माजी सैनिकानं कळवलंय. ते काढून ठेवू नका. मला ते भिंतीवरून उतरवताना बघायचंय. मी एसटीनं येतोय, म्हणून वेळ लागतोय. शिक्षा मलाही होईल. व्हायलाच पाहिजे. तुमच्या शेजारी उभा राहून भोगायला मी तयार आहे.

अर्धी राहिलेली टोपी शमीमभाभींनी पुरी केली. तोच रंग मिळाला नाही, म्हणून ती खालून हिरवी आणि वरून निळी आहे. सना ती उन्हाळ्यातही काढत नाही.

हवालदार बशीर, वल्द गफूर मिस्त्री, मुक्काम मांजरसुंबा. सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. त्यांच्या खिशात चिंधी होती, आणि गाठ सुटलेली नव्हती.